बुडबुड्यात हवा असते म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा शाळकरी आहे, पण डोक्यातून जात नाहीये. नातेवाईक मंडळींपैकी कोणी वाचत असेल (ताई, तू वाचतेस हे मला माहीत आहे), तर आधीच सांगतो, हा राग कोणा एकावर नाही. थोडा स्वतःवर आहे, तो पुढे येईलच.

तर झालं असं. मार्चच्या शेवटी धुळ्याहून जळगावला ताईकडे गेलो होतो. पारोळा, एरंडोल करत एसटीने उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. घरात शिरलो तर एरवी दारातच "मामा आला" म्हणून ओरडणारी भाची कोपऱ्यात गप्प बसलेली. यंदा सहावीला आहे. "काय झालं गं?" तर उत्तर ताईने दिलं, "काही नाही रे, विज्ञानाच्या चाचणीचा पेपर मिळाला. वीसपैकी एकोणीस आहेत. एका मार्कासाठी तोंड पाडून बसलीये सकाळपासून."

मी पेपर मागून घेतला. एकच लाल फुली. प्रश्न असा: 'पाणी उकळताना वर येणाऱ्या बुडबुड्यांमध्ये ------ असते.' पोरीने लिहिलं होतं 'पाण्याची वाफ'. त्यावर फुली आणि शेजारी लाल अक्षरात बरोबर उत्तर: 'हवा'.

मी दोनदा वाचलं. मग तिला विचारलं, "तू विचारलं नाहीस का शाळेत?" म्हणाली, "विचारलं. बाई म्हणाल्या, गाईडमध्ये हवा दिलंय. वाफ वर गेल्यावर होते, बुडबुड्यात हवाच असते."

आणि इथे मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, "अगं जाऊ दे ना, एक तर मार्क आहे. पुढच्या वेळी हवा लिही, झालं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "पण मामा, खरं काय असतं?"

"खरी तर वाफच असते."

"मग हवा का लिहू?"

मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस. बारा वर्षांची पोरगी बरोबर होती, मला ती बरोबर आहे हे माहीत होतं, आणि मी तिला चूक लिहायचा सल्ला देत होतो. लाचेचे भाव सांगतात ना, तसा. एक मार्क द्या, खरं सोडा.

संध्याकाळी पाप धुवायचं म्हणून पातेलं गॅसवर ठेवलं. ताई म्हणाली, चहा करतोस का? म्हटलं, नाही, पुरावा करतोय :)

आता हे तुम्हीही घरी करून बघा, म्हणून सविस्तर सांगतो. पाणी तापायला लागलं की आधी पातेल्याच्या बुडाला आणि कडांना अगदी बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती खरंच हवा असते, पाण्यात विरघळलेली. पाणी तापलं की तिला पाण्यात राहवत नाही. गाईडवाल्याने बहुतेक एवढंच पाहिलं आणि गॅस बंद केला. थोड्या वेळाने मात्र तळातून मोठे मोठे बुडबुडे उसळत वर यायला लागतात. ते थांबत नाहीत. अर्धा तास उकळा, तरी येतच राहतात आणि पातेल्यातलं पाणी कमी कमी होत जातं. ती हवा असती तर एवढी हवा पाण्यात मावली कुठे होती? आणि हवा निघून गेल्यावर पाणी का आटावं? भाचीने एक गार ताट चिमट्यात धरून वर आडवं धरलं. ताटाच्या खालच्या बाजूला थेंबच थेंब. "मामा, हवेचे थेंब होतात का?" नाही ना. म्हणजे वर आलं ते पाणीच होतं, दुसऱ्या रूपात.

अजून एक गंमत तिनेच पकडली. किटलीच्या तोंडाशी अगदी जवळ काहीच दिसत नाही, बोटभर अंतर सोडून पांढरा धूर सुरू होतो. आपण ज्याला वाफ म्हणतो तो पांढरा धूर म्हणजे थंड होऊन झालेले पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ असते ती मधल्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

एवढं सगळं एका पातेल्यात होतं. पाच रुपयांचाही गॅस जळला नसेल. आणि एवढं सगळं पाहिलेल्या पोरीला शाळेने फुली दिली, आणि ज्यांनी गाईड पाठ केलं त्या सगळ्यांना एक मार्क.

आता माझा मुद्दा. बाईंची चूक झाली, ठीक आहे, चूक कोणाचीही होते. बाईंवर तर माझा रागही नाही, सत्तर पोरांचा वर्ग आणि वर जनगणना, मतदारयाद्या, खिचडीचा हिशेब सांभाळून कोणी विज्ञान शिकवत असेल तर त्या माणसाला नमस्कारच करायला हवा. माझा राग आहे तो 'द्रव्य' हा धडा आपण ज्या पद्धतीने पोरांच्या गळी उतरवतो त्या पद्धतीवर. ती पद्धत अशी: आधी व्याख्या, मग तीन खान्यांचा तक्ता, मग ठिपक्यांचं चित्र, मग रिकाम्या जागा भरा. यात पोराने काही पाहायचं, विचारायचं, शंका घ्यायची अशी जागाच नाही. रिकामी जागा फक्त पेपरात असते.

व्याख्येपासूनच घ्या. 'ज्याला वस्तुमान असते व जे जागा व्यापते त्याला द्रव्य म्हणतात.' हे वाक्य चूक नाही. पण ते पोराच्या कानात कसं शिरतं ते बघा. 'द्रव्य' म्हणजे आमच्या सोन्याच्या जळगावात पैसाअडका. 'पदार्थ' म्हणजे शेव-भाजी, भरीत, खायची वस्तू. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे 'द्रव्य' आणि 'द्रव'. दोन्ही शब्द एकाच धड्यात, एकाच पानावर, अर्ध्या अक्षराच्या फरकाने. मी भाचीच्या मैत्रिणींना विचारलं, दगड हा द्रव्य आहे का? चौघींपैकी तिघी म्हणाल्या, नाही, दगड ओतता येत नाही! पोरी मठ्ठ नाहीत. त्यांनी भाषेचा अंदाज घेतला आणि भाषेने फसवलं. हे कोणीतरी पहिल्या तासाला हसत हसत सांगायला नको का, की बाबांनो, हे दोन शब्द सख्खे दिसतात पण यांचं काम वेगळं आहे?

मग तीन खाने. स्थायूला ठरावीक आकार, द्रव भांड्याचा आकार घेतो, वायू सगळीकडे पसरतो. पाठ करायला सोपं. आता ही व्याख्या घेऊन आमच्या जळगावच्या रस्त्यावर चला. इथे डाळमिल आहेत. तूरडाळ पोत्यातून डब्यात ओतली तर ती डब्याचा आकार घेते. मग डाळ द्रव आहे का? कापूस घ्या. पोत्यात कोंबला तर पोत्याच्या आकाराचा, घरात सांडला तर खोलीभर. जिनिंगमध्ये जाऊन बघा, ढीगभर कापूस दाबून १७० किलोची गाठ बांधतात. स्थायू दाबला जात नाही म्हणतात, मग हे काय?

उत्तरं अवघड नाहीत. डाळीचा एक दाणा हातात घ्या, त्याला स्वतःचा आकार आहे, तो तसाच राहतो. वाहतो तो ढीग. दाणा स्थायूच. कापसाच्या गाठीत कापसाचा तंतू दबत नाही, तंतूंच्या मधली हवा बाहेर निघते. पण हे प्रश्न पोराने विचारले पाहिजेत आणि त्यावर वर्गात भांडण झालं पाहिजे, कारण त्या भांडणातच 'आकार' आणि 'जागा' हे शब्द कळतात. आपण काय करतो? तक्त्यात दगड, पाणी, हवा लिहून मोकळे होतो. ज्या वस्तू तक्त्यात बसत नाहीत त्यांचं नावच काढत नाही.

हवेला वजन असतं, हे वाक्यही असंच पाठ. पोरांना वाटतं असेल थोडंफार, शून्य पूर्णांक काहीतरी. एक घनमीटर हवा साधारण १.१ ते १.२ किलो भरते. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच असा वर्ग धरा. १०८ घनमीटर झाले. म्हणजे वर्गातली 'रिकामी' जागा एक क्विंटलच्या वर भरते! आमच्याकडे कापूस क्विंटलने मोजतात, त्यामुळे हा आकडा सांगितल्यावर भाचीचे डोळे मोठे झाले. ती लगेच वर बघायला लागली, एवढं वजन कुठे टांगलंय म्हणून. ही खरी सुरुवात आहे धड्याची. व्याख्या यानंतर लिहा, हवी तर.

आता माझ्या फजितीकडे येतो. रात्री गच्चीवर झोपलो होतो. (जळगावात मार्चपासून गच्ची. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एकदा येऊन बघावं.) भाचीने विचारलं, "मामा, सगळं कणांचं बनलंय ना? पुस्तकात ठिपके ठिपके काढलेत. मग दोन ठिपक्यांच्या मधे काय असतं?"

मी झोपेत होतो, की तसाच आहे, कोण जाणे. म्हणालो, "हवा असेल."

दोन मिनिटं शांतता. मग अंधारातून आवाज आला, "मग हवेच्या ठिपक्यांच्या मधे काय असतं?"

खाडकन जागा झालो. दुपारी ज्या बाईंच्या 'हवे'वर मी मनात एवढा चिडलो होतो, तीच हवा मी रात्री स्वतः भरून दिली होती! जिथे काही सुचत नाही तिथे आपण हवा घालतो. बुडबुड्यात हवा, कणांच्या मधे हवा. कारण पंधरा-सतरा वर्षं शिकून, परीक्षा पास होऊन, मी स्वतः कधी हा प्रश्न विचारला नव्हता. मला कधी कोणी विचारलाही नव्हता. ठिपक्यांचं चित्र काढलं, नावं दिली, मार्क मिळाले.

उत्तर असं आहे की कणांच्या मधे दुसरं काहीही भरलेलं नाही. मोकळी जागा. पाण्याचे कण पाण्यात तरंगत नसतात, ते कण म्हणजेच पाणी. आणि ही मोकळी जागा केवढी, त्याचा अंदाज त्याच पातेल्यावरून लागतो. एक लिटर पाण्याची उकळून वाफ झाली की ती सुमारे १७०० लिटर जागा व्यापते. कण तेवढेच, एकही वाढलेला नाही. म्हणजे कणाकणातलं अंतर साधारण १२ पट झालं, कारण १२ गुणिले १२ गुणिले १२ म्हणजे १७२८. हा हिशेब मी गच्चीवर बोटांनी करून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बुडबुडा म्हणजे जास्त करून काहीच नाही?" बरोब्बर! गाईडला हे उत्तर सुचलं असतं का?

दुसऱ्या दिवशी तिची आजी (म्हणजे ताईच्या सासूबाई) यात सामील झाल्या. वाटीभर हरभरे आणि वाटीभर खसखस एकत्र केली. दोन वाट्या भरायला हव्यात, भरत नाहीत. खसखस हरभऱ्यांच्या फटीत गेली. मग काठोकाठ भरलेल्या पेल्यात चिमटीचिमटीने मीठ टाकलं, बरंच मीठ गेलं तरी पाणी सांडलं नाही. आता हे हरभऱ्यासारखं अगदी जसंच्या तसं होतं असं नाही, पाण्याच्या पृष्ठभागाचा ताणही तिथे मदत करतो. पण फटी असू शकतात ही शंका तर मनात आली! शंका आली की अर्धं काम झालं.

माझं म्हणणं हेच आहे. द्रव्य कणांचं बनलंय ही गोष्ट दिसत नाही. ती मानायला पुरावा लागतो. आणि आपण ती अशी सांगतो की जशी देवाची आरती. 'द्रव्य सूक्ष्म कणांचे बनलेले असते.' म्हणा माझ्याबरोबर. मग पोराने उद्या कोणी भोंदूने सांगितलेली गोष्टही तशीच मानली तर त्याला का दोष द्यायचा? दोन्ही न पाहता मानायच्या गोष्टी, फरक फक्त मार्कांचा.

या 'कशावरून?' पायी मोठमोठी माणसं भांडली आहेत. डाल्टनने १८०८ साली आपला अणुसिद्धान्त पुस्तकात मांडला. त्यानंतर शंभर वर्षं झाली तरी अणू खरे असतात हे न मानणारे शास्त्रज्ञ होते, आणि ते काही लहानसहान नव्हते. विल्हेल्म ओस्टवाल्ड हा रसायनशास्त्राचा नोबेल मिळवलेला माणूस, त्याने विसावं शतक उजाडल्यावरही अणू मानले नव्हते. त्याचं म्हणणं एवढंच, की दाखवा. मग १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेली जुनी नोंद कामाला आली. परागकणांतून निघालेले अतिबारीक कण पाण्यात सतत थरथरतात हे त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. जिवंत असतील म्हणून त्याने दगडाची पूड टाकून पाहिली. तीही थरथरते! १९०५ साली आइन्स्टाइनने हिशेब मांडला, की पाण्याचे न दिसणारे कण सगळीकडून धक्के देत असतील तर ही थरथर किती असायला हवी. आणि पुढच्या चार-पाच वर्षांत फ्रान्सच्या ज्याँ पेराँने ती मोजून दाखवली. तेव्हा कुठे ओस्टवाल्डने हार मानली. पेराँला १९२६ साली नोबेल मिळालं.

आपल्याकडे कणादांनी परमाणूची कल्पना फार पूर्वी मांडली, हे पोरांना जरूर सांगा. पण तिथे थांबू नका. कल्पना सुचणं ही एक गोष्ट आणि ती तपासून सिद्ध होणं ही दुसरी. दोन्हींचा मान वेगळा ठेवा.

म्हणजे सहावीतली पोरगी 'कशावरून?' विचारते तेव्हा ती ओस्टवाल्डच्या पंगतीला बसलेली असते. तिला उठवून गाईडच्या पंगतीला बसवायचं हा कुठला न्याय?

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळांत कुठे सूक्ष्मदर्शक आणि कुठे प्रयोगशाळा. अहो, आपल्या खानदेशात तर उन्हाळाच प्रयोगशाळा आहे. धुळ्याला माझी आजी होती तेव्हा रोज सकाळी माठ भरायची आणि संध्याकाळी तो उतरलेला दिसला की म्हणायची, "उन्हायामा माठ बी पानी पेस, भाऊ!" उन्हाळ्यात माठही पाणी पितो. आम्ही हसायचो. पण पाणी गेलं कुठे, आणि जे उरलं ते गार का झालं, हे दोन प्रश्न तिने आमच्यासमोर रोज ठेवले होते, आम्हीच उचलले नाहीत.

माठाच्या मातीला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी बाहेरच्या अंगाला पाझरतं. पाण्याचे सगळे कण सारख्या वेगाने हलत नसतात. जे जास्त वेगाने धावतात ते पृष्ठभागावरून सुटून हवेत जातात. उरतात ते मंद कण, आणि कण मंद म्हणजे पाणी गार. हिशेब केला तर दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायला पावणेदोनशे मिलिलिटर पाणी उडून जाणं पुरतं. (बाहेरची उष्णता आत येतच असते, म्हणून प्रत्यक्षात जास्त उडतं.) त्याच हिशेबाने आपला कूलर चालतो. आणि मुंबईच्या मावशीकडे तोच कूलर नुसता ओलसर वारा फेकतो, कारण तिथल्या हवेत आधीच पाण्याच्या कणांची गर्दी. जेवढे सुटतात जवळपास तेवढेच परत येतात.

केळी घ्या. रावेर-यावलची केळी पिकवायच्या खोलीत इथिलीन नावाचा वायू सोडतात. हवेच्या दहा हजार भागांत जेमतेम एक भाग. दिसत नाही, पण अख्खी खोली पिवळी करतो. भरीत घ्या. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली की बांधावरून वास येतो. वास आला म्हणजे त्या वांग्याचे काही कण तुमच्या नाकापर्यंत चालत आले! हे ज्या दिवशी पोराला कळतं त्या दिवशी त्याला 'वायू पसरतो' हे पाठ करावं लागत नाही.

"हे सगळं ब्लॉगवर लिहायला ठीक आहे, शाळेत कोणी करतं का?" करत होते. तेही आपल्याच भागात. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं आणि त्याच दशकात या केंद्राने आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या खिरोदा परिसरात खेड्यातल्या शाळांबरोबर काम केलं. खिरोदा म्हणजे धनाजी नाना चौधरींचं गाव, १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची ज्यांनी धुरा उचलली ते. आणि भुसावळहून इटारसीची गाडी पकडलीत तर पलीकडे होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम). तिथे १९७२ साली सोळा शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला, ज्यात पोरं व्याख्या पाठ करण्याऐवजी स्वतः करून बघत आणि वहीत स्वतःच्या शब्दांत लिहीत. पुढे शेकडो शाळांत गेला. २००२ साली सरकारने तो बंद केला. म्हणजे जमत नाही म्हणून होत नाही, असं नाही. जमलेलं आपण टिकवत नाही.

माझ्या मागण्या तीनच आहेत आणि एकालाही पैसे लागत नाहीत. एक, व्याख्या धड्याच्या शेवटी. आधी वस्तू, मग भांडण, मग शब्द. दोन, जिथे जिथे न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल विधान आहे तिथे तिथे खाली 'कशावरून?' हा प्रश्न आणि त्याचं उत्तर. तीन, पेपर तपासताना पोराचं उत्तर गाईडशी नाही, तर खऱ्याशी ताडून पाहणं. बाईंना शंका असेल तर "उद्या उकळून बघू" म्हणावं. असं म्हणणाऱ्या बाईंना पोरं आयुष्यभर विसरत नाहीत.

आणि चौथी मागणी आपल्यासारख्या मामा, काका, आईबापांकडे. "पुढच्या वेळी हवा लिही" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. शाळेने एक मार्क कापला, तो भरून निघेल. मी जे कापत होतो ते भरून निघालं नसतं.

निघायच्या दिवशी भाचीला विचारलं, "वार्षिकला हाच प्रश्न परत आला तर?" म्हणाली, "वाफच लिहिणार. आणि खाली कारण पण लिहिणार, ताटावरच्या थेंबांचं." ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "शिकवून ठेवलंस, आता मार्क गेला की तूच समजूत घाल." घालेन. फोन कर, एसटी पकडून येईन.

असो, फार लांबलं. घरात सहावी-सातवीचं पोर असेल तर आज संध्याकाळी पातेलं चढवा, ताट धरा आणि काही न सांगता विचारा, काय दिसतंय? काय उत्तरं येतात ते मला जरूर कळवा. आणि ताट चिमट्याने धरा, चटका बसतो. आमच्या ताईचं एक बोट पोळलंय, तेही माझ्याच नावावर आहे.